दंतसेतू : एका दातासाठी शेजारच्या दोन दातांचा निर्णय

किडलेली दाढ काढली की दुखणे थांबते आणि बहुतेक रुग्णांच्या लेखी तो विषय तेथेच संपतो. दाढ मागच्या बाजूला असते, हसताना दिसत नाही, दुसऱ्या बाजूने चावता येते. त्यामुळे रिकामी जागा वर्षानुवर्षे तशीच राहते. दंतवैद्यांच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न तेथून सुरू होतो. ही जागा भरण्याचे जे मार्ग आज उपलब्ध आहेत, त्यांपैकी आपल्याकडे रुळलेला एक मार्ग म्हणजे दंतसेतू, अर्थात बोलण्यातला ‘ब्रिज’. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या दातांवर टोप्या बसवायच्या आणि त्या टोप्यांना जोडलेला कृत्रिम दात मधल्या जागेवर तोलून धरायचा, अशी ही रचना आहे. रुग्ण ‘एक दात बसवायचा आहे’ म्हणून येतो आणि काम तीन दातांचे होते. त्या दोन शेजाऱ्यांचे पुढे काय होणार, हे समजून घेतल्याशिवाय ब्रिजचा निर्णय नीट घेता येत नाही.

सहा वर्षांची दाढ

कायमच्या दातांपैकी लवकर आणि वारंवार गमावली जाते ती पहिली मोठी दाढ. ती वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते आणि तिची अडचण तिच्या येण्याच्या पद्धतीतच आहे. कोणताही दुधाचा दात पडून तिला जागा मिळत नाही. दुधाच्या दाढांच्या मागे ती गुपचूप उगवते. साहजिकच पालक तिला दुधाची दाढ समजतात आणि ती किडू लागली तरी ‘पडेल आणि नवी येईल’ म्हणून वाट पाहतात. तिच्या माथ्यावरच्या खोल खाचांत अन्न अडकते, मुलाला ब्रश नीट फिरवता येत नाही आणि दहा-बारा वर्षांच्या वयातच कीड मज्जेपर्यंत पोहोचलेली असते. मग उरतात दोनच पर्याय : रूट कॅनॉल किंवा दाढ काढणे. खर्चाचा विचार करून दुसरा पर्याय निवडणारी घरे आजही कमी नाहीत.

दाढ गेल्यावर जबड्यात जे घडते ते संथ असते, पण थांबत नाही. मागची दुसरी दाढ हळूहळू पुढे कलते. समोरच्या जबड्यातील दाढेला टेकायला काही उरत नाही, म्हणून ती रिकाम्या जागेत उतरू लागते. दातांमधल्या फटी वाढतात, त्यांत अन्न अडकते आणि हिरड्या सुजतात. ज्या हाडात दाढेची मुळे रोवलेली होती, ते हाडही झिजते. दाढ काढलेल्या जागी हाडाची रुंदी पहिल्या वर्षातच निम्म्याच्या आसपास घटू शकते आणि त्यातील मोठी घट पहिल्या तीन महिन्यांत होते. दहा वर्षांनी ब्रिज करायला आलेल्या रुग्णात म्हणूनच केवळ एक जागा भरायची नसते. कललेला दात, खाली आलेला दात आणि आकसलेले हाड या तिन्हींचा बंदोबस्त करावा लागतो.

याचा अर्थ प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असा नाही. नेदरलँड्समधील नाइमेखेन येथील संशोधक आर्नड कायझर यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले की, पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असतील, तर मागच्या काही दाढा नसूनही अनेकांचे चावणे समाधानकारक चालते. सर्वांत मागची दुसरी दाढ गेली असेल आणि तिच्या समोरचा दात स्थिर असेल, तर काहीही न बसविण्याचा सल्ला देणारा दंतवैद्य आळशी नसतो. बहुधा तो प्रामाणिक असतो.

पुलाचे गणित

पूल म्हटला की खांब आले. दंतसेतूत हे खांब म्हणजे शेजारचे आधारदात. मधल्या कृत्रिम दाताला स्वतःचे मूळ नसते. तो हिरडीवर अलगद टेकलेला किंवा तिच्यापासून किंचित वर असतो. त्यावर पडणारा चावण्याचा सगळा भार आधारदातांच्या मुळांमार्फत हाडात उतरतो. म्हणून खांबांची ताकद आधी मोजावी लागते.

ही मोजणी कशी करावी, याचा एक जुना ठोकताळा आयर्विन अँटे या दंतवैद्याने १९२६ मध्ये मांडला. हाडात रोवलेल्या मुळांच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ पाहायचे. आधारदातांचे एकत्रित क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या क्षेत्रफळाइतके किंवा त्याहून अधिक असले पाहिजे. खालच्या जबड्याचे सरासरी आकडे घेतले, तर पहिल्या दाढेच्या मुळांचे क्षेत्रफळ सुमारे ४३१ चौरस मिलिमीटर भरते. तिच्या पुढच्या दुसऱ्या उपदाढेचे २०७ आणि मागच्या दुसऱ्या दाढेचे ४२६. दोन्ही मिळून ६३३. म्हणजे एकटी पहिली दाढ गेली असेल, तर हिशेब आरामात जुळतो. पण तिच्याबरोबर दुसरी उपदाढही गेली असेल, तर गेलेल्यांची बेरीज ६३८ होते. आधाराला उरते पहिली उपदाढ, तिचे १८०, आणि दुसरी दाढ ४२६, बेरीज ६०६. खांब कमी पडू लागले.

पुढील अभ्यासांनी अँटे यांचा नियम बराच सैल केला. हिरड्या निरोगी असतील, तर हाडाचा आधार कमी झालेले दातही भार पेलू शकतात, असे दिसून आले. तरीही पुलाच्या लांबीचे दुसरे गणित सैल होत नाही. दोन टोकांना टेकवलेली पट्टी मध्यभागी किती वाकेल, हे तिच्या लांबीच्या घनावर अवलंबून असते. मधला एक कृत्रिम दात जितका वाकेल, त्याच्या आठपट दोन दातांचा भाग वाकतो आणि तीन दातांचा सत्तावीसपट. हे वाकणे डोळ्यांना दिसत नाही, पण पोर्सेलिनला तडा जायला आणि टोपीखालचे सिमेंट सुटायला तेवढे पुरते. ‘सलग चार दात एकाच ब्रिजमध्ये बसवून द्या’ या मागणीला दंतवैद्य का कचरतात, त्याचे उत्तर या घनात आहे.

खांब हलता असेल, तर गणित सुरूच होत नाही. आपल्या देशात प्रौढ वयात दात जाण्यामागे कीड आणि हिरड्यांचा आजार ही दोन मोठी कारणे आहेत आणि तंबाखूने दुसऱ्या कारणाला बळ मिळते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मिश्री लावणाऱ्या स्त्रिया आणि सर्वत्र तंबाखू, गुटखा खाणारे पुरुष यांच्या हिरड्या दातांपासून सुटलेल्या, हाड खाली गेलेले आणि दात हलू लागलेले आढळतात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखूची सवय सुटलेली नाही. अशा तोंडात आधी हिरड्यांवर उपचार, मग काही महिन्यांची वाट आणि त्यानंतर ब्रिजचा विचार, हाच क्रम योग्य ठरतो. घाई केल्यास एका दाताच्या जागी तीन दात जाण्याचा धोका असतो.

चांगला दात तासावा का?

सर्वांत अवघड प्रश्न हा आहे. टोपी बसण्यासाठी आधारदात चारही बाजूंनी आणि माथ्यावरून तासावा लागतो. धातूवर पोर्सेलिन चढविलेल्या टोपीसाठी बाजूंनी एक ते दीड आणि माथ्यावर दीड ते दोन मिलिमीटर जागा करावी लागते. आकडा लहान वाटतो, पण दाताचा हिरडीबाहेरचा भाग मुळातच लहान असतो. संपूर्ण टोपीसाठी तासताना त्यातील साठ ते सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग निघून जातो, असे प्रयोगशाळेतील मोजमापांतून आढळले आहे. त्यात जाते ते सर्वांत कठीण कवच, म्हणजे एनॅमल. ते पुन्हा येत नाही.

तासताना निर्माण होणारी उष्णता आणि मज्जेच्या जवळ गेलेला पृष्ठभाग यांमुळे काही आधारदात नंतर निर्जीव होतात. दहा वर्षांच्या कालावधीत सुमारे दहापैकी एका आधारदाताच्या बाबतीत हे घडते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत दिसते. मग बसविलेल्या टोपीला भोक पाडून रूट कॅनॉल करावे लागते.

म्हणून निर्णय रिकाम्या जागेकडे पाहून नव्हे, तर शेजाऱ्यांकडे पाहून घ्यावा लागतो. शेजारच्या दाढेत आधीच मोठे सिमेंट भरलेले असेल, तिचा कोपरा तुटला असेल किंवा तिचे रूट कॅनॉल झाले असेल, तर तिला तशीही टोपी लागणारच होती. अशा ठिकाणी ब्रिज हा उत्तम तोडगा आहे. एकाच कामात दोन प्रश्न सुटतात. याउलट पंचवीस वर्षांच्या तरुणाच्या शेजारच्या दोन्ही दाढा मोत्यासारख्या असतील, तर त्या तासण्यापूर्वी दुसरे मार्ग तपासून पाहणे हे दंतवैद्याचे आणि रुग्णाचेही कर्तव्य ठरते. किशोरवयात तर ब्रिज शक्यतो टाळतातच, कारण त्या वयात दातातील मज्जेची पोकळी मोठी असते आणि तासताना ती उघडी पडू शकते.

काम कसे चालते

दाढ काढल्यानंतर जखम भरून हिरडीला कायमचा आकार येण्यासाठी साधारण दोन ते तीन महिने थांबावे लागते. मग क्ष-किरण चित्र काढून आधारदातांची मुळे आणि हाड तपासले जाते. तासण्याच्या दिवशी जागा बधिर करतात, त्यामुळे वेदना होत नाहीत. तासलेल्या दातांचे माप लवचीक लगद्याने किंवा आता अनेक ठिकाणी तोंडात फिरविल्या जाणाऱ्या स्कॅनरने घेतले जाते. उरलेल्या दातांशी जुळणारी छटा ठरविताना उजेड नैसर्गिक असावा. दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसतो.

यानंतरचे काम दंतवैद्याच्या हाती नसते. माप दंत प्रयोगशाळेत जाते आणि रुग्णाला कधीही न दिसणारा तंत्रज्ञ तेथे ब्रिज घडवितो. धातूच्या सांगाड्यावर पोर्सेलिन भाजण्याची पद्धत १९६० च्या दशकात रूढ झाली आणि ती आजही टिकून आहे. सांगाडा बहुधा निकेल-क्रोमियम किंवा कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचा असतो. नकली दागिन्यांनी ज्यांच्या कानाला किंवा मनगटाला खाज सुटते, त्यांनी निकेलची ॲलर्जी असू शकते हे आधीच सांगावे. गेल्या काही वर्षांत झिर्कोनियाचा वापर वाढला आहे. हा पांढरा, अतिशय कणखर पदार्थ संगणकाच्या साहाय्याने कोरला जातो आणि त्यात धातूची काळी कड हिरडीजवळ दिसत नाही.

ब्रिज तयार होईपर्यंत तासलेल्या दातांवर प्लॅस्टिकसारख्या ॲक्रिलिकचा तात्पुरता ब्रिज बसवितात. अनेक रुग्ण तो पडला की ‘दोन दिवसांचा तर प्रश्न’ म्हणून परत जात नाहीत. तेवढ्या दिवसांत तासलेला दात सरकला, तर कायमचा ब्रिज बसत नाही. शेवटी ब्रिज तोंडात घालून चावण्याची उंची तपासतात आणि सिमेंटने पक्का करतात. दात मिटल्यावर ब्रिज आधी लागतो आहे असे वाटले, तर ‘सवय होईल’ या उत्तरावर समाधान मानू नये. उंची घासून बरोबर करता येते.

दुसरे मार्ग

शेजारचे दात वाचविणारा मार्ग म्हणजे इम्प्लांट. स्वीडनमधील शास्त्रज्ञ पेर-इंग्वार ब्रेनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडावरील प्रयोगांत आढळले की, टायटॅनियम हाडाशी एकजीव होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे कृत्रिम मूळ बसविले. आज जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवून, काही महिने तो हाडात रुजू देऊन त्यावर टोपी चढविली जाते. मात्र त्यासाठी पुरेसे हाड हवे, शस्त्रक्रियेची तयारी हवी आणि खर्चाची ऐपत हवी. अनियंत्रित मधुमेह आणि जोरदार धूम्रपान यांमुळे इम्प्लांट रुजण्यात अडथळा येतो. अशा रुग्णाला ब्रिज अधिक सुरक्षित ठरू शकतो.

पुढचा एखादा लहान दात नसेल, तर मेरिलँड ब्रिज नावाचा हलका पर्याय आहे. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीत शेजारचा दात जवळजवळ न तासता त्याच्या मागच्या बाजूला पातळ पंख चिकटविला जातो. दोन बाजूंना पंख देण्यापेक्षा एकाच बाजूला दिलेला पंख अधिक टिकतो, हा अनुभव आरंभी अनेकांना विचित्र वाटला. पण दोन दात चावताना वेगवेगळे हलतात आणि त्यांतला एक पंख सुटतो, हे लक्षात आल्यावर त्याचा उलगडा झाला. दाढांच्या जागी मात्र ही पद्धत कमी भरवशाची आहे. काढता-घालता येणारी कवळी हा सर्वांत स्वस्त पर्याय. तिच्यासाठी दात फारसे तासावे लागत नाहीत, पण तिची सवय व्हायला वेळ लागतो आणि अनेक कवळ्या शेवटी पेल्यातच राहतात.

‘तासाभरात पक्के दात’

शेजारच्या दातांना कृत्रिम दात बांधण्याची कल्पना नवी नाही. इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या अडीच हजार वर्षांहून जुन्या थडग्यांत सोन्याच्या पट्टीने शेजारच्या दातांना बांधलेले दात सापडले आहेत. आपल्याकडे बाजारपेठांत, बसस्थानकांबाहेर ‘तासाभरात पक्के दात’ असे फलक लावून चालणारा व्यवसाय याच कल्पनेचे घातक रूप आहे. तेथे ना तपासणी होते, ना क्ष-किरण चित्र. तारेने शेजारचे दात गुंडाळून त्यांवर तेथल्या तेथे घट्ट होणारे ॲक्रिलिक ओतले जाते. हा पदार्थ घट्ट होताना तापतो आणि हिरडीला भाजतो. त्याचा खडबडीत गोळा हिरडीत रुतून राहतो, त्याखाली ब्रश पोहोचत नाही. कधी कधी तर काढायला हव्या त्या मुळांवरच दात बसविलेला असतो. काही वर्षांनी गोळा निघतो, तेव्हा ज्यांना तो बांधलेला होता ते चांगले दातही हलू लागलेले असतात.

दंतवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत व्यक्तीनेच करावा, अशी तरतूद १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने केली आणि २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदाही संमत केला. दंतवैद्याच्या फलकावर पदवी आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहणे हा रुग्णाचा हक्क आहे. तरीही लोक पदपथावर जातात ते केवळ अज्ञानामुळे नव्हे. ब्रिजचा खर्च दातागणिक मोजला जातो, म्हणजे एका गेलेल्या दाढेसाठी तीन टोप्यांचे पैसे पडतात, आणि आरोग्य विम्याच्या बहुतेक सर्वसाधारण योजनांत अपघात वगळता दातांचा खर्च धरलेला नसतो. सरकारी दंत महाविद्यालयांत हेच काम पुष्कळ कमी दरात होते. मुंबई आणि नागपूर, गोव्यात बांबोळी, तसेच दिल्ली, इंदूर, अहमदाबाद, हैदराबाद, बंगळुरू येथे अशी महाविद्यालये आहेत. तेथे फेऱ्या अधिक पडतात, विद्यार्थी काम करतात, पण ते शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात.

बसविल्यानंतर

नीट केलेला ब्रिज किती टिकतो? अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार केला, तर दहा वर्षांनंतर सुमारे ८९ टक्के ब्रिज तोंडात असतात. एकाच बाजूला आधार असलेल्या ब्रिजचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांपर्यंत उतरते. कृत्रिम दाताला कीड लागत नाही हे खरे, पण टोपीची कड जेथे दाताला मिळते तेथे लागते आणि ब्रिज गमावण्याचे ते एक नेहमीचे कारण असते. रोज दोनदा ब्रश करणे पुरेसे नाही, कारण जोडलेल्या दातांमधून साधा दोरा वरून उतरत नाही. मधल्या कृत्रिम दाताच्या खालून सुईसारख्या कडक टोकाचा फ्लॉस किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश ओढून काढावा लागतो. हे दंतवैद्याने आरसा हातात देऊन एकदा दाखविले पाहिजे. गर्दीच्या दवाखान्यात नेमके हेच राहून जाते.

सर्वांत फसवी बिघाडाची रीत अशी : दोन टोप्यांपैकी एकीचे सिमेंट सुटते, दुसरी घट्ट असते. ब्रिज पडत नाही, दुखतही नाही, म्हणून रुग्णाला काहीच कळत नाही. सुटलेल्या टोपीखाली मात्र लाळ आणि अन्नकण शिरत राहतात आणि तासलेला दात आतल्या आत सडतो. तोंडाला अकारण येणारी घाण चव किंवा त्या बाजूची दुर्गंधी ही त्याची पहिली खूण असू शकते. दंतवैद्य तपासणीत ब्रिज खालीवर दाबून पाहतात. सुटलेल्या टोपीच्या कडेला लाळेचे बारीक बुडबुडे येतात. ते वेळेवर दिसले, तर बहुधा ब्रिज काढून आधारदात वाचविता येतो.